चालाले गेले

नागभीडला मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, ते काका दरवर्षी दिवाळी आटोपली की कुरखेड्याला पायी जात. तिथं त्यांची मेहुणी राहायची. बसनं गेलं तर चहाच्या दोन वेळांच्या मधे माणूस पोचतो. काकांना आठ दिवस लागत, कधी नऊ. एवढं चालत का जाता, असं लोक त्यांना विचारत आणि काका प्रत्येकाला वेगळं उत्तर देत.

किराणा दुकानदाराला त्यांनी सांगितलं होतं, "शुगर हाये." शेजारच्या बाईंना नवसाचं सांगितलं होतं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना म्हणाले, "बस लागते मले." हेच काका बसनं नागपूरला जाताना खिडकीशी बसून अर्धा किलो शेंगा संपवतात, हे मी स्वतः पाहिलेलं. मला त्यांनी दिलेलं कारण फार सुंदर होतं. काका रेल्वेत चावीवाला होते. रोज हातोडा घेऊन छोट्या लाईनच्या रुळांवरून चालायचं, सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या आणि परत यायचं. "पूर्ण नोकरी तेवढ्याच तुकड्यात गेली, सर," ते म्हणाले. "म्हटलं, बाकीचं बी पाहून घ्यावं." चार-पाच महिने मी ते कारण उराशी धरून होतो. मग एकदा बोलता बोलता कळलं की त्यांच्या तीन बदल्या झाल्या होत्या आणि शेवटची आठ वर्षं ते ऑफिसात बसून होते.

काकूंना मात्र या प्रश्नाचं काहीच वाटायचं नाही. दारात कोणी येऊन काका कुठं आहेत असं विचारलं की त्या सांगत, "चालाले गेले." जसं कोणी आंघोळीला गेलेत म्हणावं तसं. आठव्या दिवशी त्या डब्यात चिवडा भरून कुरखेड्याची बस पकडत आणि बहिणीच्या ओसरीवर वाट पाहत बसत. "तुम्ही दोघं एकत्रच का नाही जात?" मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, "मले काऊन चालवता जी? मी काय केलं?"

मी अकोल्याकडचा. नोकरीनं झाडीपट्टीत, या जंगल-तळ्यांच्या मुलखात, येऊन पडलेला. जंगल म्हटलं की मला वाघ आठवायचा आणि नागभीडात ते साहजिकही आहे. तरी एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी काकांबरोबर निघालो. काय पाहायचं होतं मला? खरं कारण, बहुतेक.

पहिल्या दिवशी आम्ही उण्यापुऱ्या दोन कोसांत थांबलो. मी पाठीवर नवी बॅग, पायात नवे बूट घालून वेगानं पुढं जायचो आणि मागं वळून बघावं तर काका कुणाच्या तरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेले. धानाची कापणी चालू होती. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया ओळीनं वाकलेल्या. काका बसून बघायचे. पुन्हा पन्नास पावलं आणि पुन्हा एक बोडी दिसली की तिच्या पाळीच्या उंचवट्यावर बसायचे. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, आणि त्या भागात पाचशे पावलांत एक बोडी लागतेच. त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी, एक छत्री आणि बंद करून ठेवलेला मोबाईल. जंगलाचा तुकडा आला की मात्र ते झपझप चालत आणि प्रत्येक वळणाआधी मोठ्यानं ओरडत, "येऊन राह्यलो गा!" वाघाला आधीच वर्दी दिली की तोही अवघडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एका वळणावर वाघाऐवजी वनरक्षक निघाला. तरुण होता, चांगलाच वैतागलेला. "भाऊ, बोर्ड नाई दिसला का? परवा इथीच गाय मारली. कामाशिवाय काऊन फिरून राह्यले?"

"काम असतं तं गाडीनं आलो असतो," काका म्हणाले.

वनरक्षकानं माझ्याकडं पाहिलं. मी शिक्षक आहे म्हटल्यावर त्याला आणखी वाईट वाटलं. शेवटी त्यानं आम्हाला मोटारसायकलवर पाळीपाळीनं डांबरी रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. तेवढ्या अंतरासाठी काका पुढचा सगळा दिवस हळहळत होते. त्यांना ते चालायचं राहून गेलं होतं.

माझा गोंधळ खरा वाढला तो गावांत शिरल्यावर. प्रत्येक गावात काका वेगळेच कुणीतरी होते. एका गावात लोक त्यांना कालव्याचे साहेब समजत. आम्ही पारावर टेकलो तशी चार माणसं जमली आणि तलावाचा दरवाजा गळतो म्हणून सांगायला लागली. काकांनी वही काढून सगळं लिहून घेतलं. पुढच्या गावी त्यांना पोरीसाठी स्थळ पाहणारा बाप समजत होते. एक म्हातारा लगबगीनं येऊन म्हणाला, "माह्या नातीचं जमलं जी, तुम्ही सांगतल्या घरीच." काकांनी त्याचा हात हातात घेऊन तो दोनदा हलवला.

वाटेला लागल्यावर मी म्हणालो, "काका, तुम्हाला मुलगी नाही."

"नाई ना."

"आणि कालव्याशी तुमचा काय संबंध?"

"अर्ज टाकतो मी त्याईच्या ऑफिसात. दरसाल टाकतो. दोन दरवाजे दुरुस्त बी झाले." थोडं चालल्यावर ते म्हणाले, "पायी येणाऱ्या माणसाले कारण लागते, सर. माह्याजवळ नसते. मंग ते देतात तेच घेतो. अन् घेतलं का निभवा लागते."

आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक गाव सोडताना काका पानठेल्यावर किंवा हापशीवर थांबत आणि विचारत, "डाव्या हाताले अंगठा नाई असा माणूस इथी कोणी पाह्यला का? पन्नाशीचा. जरा वाकून चालते." लोक नाही म्हणत. काका बरं म्हणत आणि पुढं निघत. हा कोण, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला आकाशात उडणारे बगळे दाखवले.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही वैनगंगेच्या काठच्या एका गावात पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथं नदीवर आणि तलावात मासे धरणाऱ्यांची वीस-पंचवीस घरं आहेत. शेवटच्या घरापुढं एक बाई फडक्यावर झिंगे पसरत होती. झिंगे म्हणजे बारीक कोळंबी, ती वाळवून वर्षभर वापरतात. आम्हाला पाहून तिनं पदरानं हात पुसले.

"आले का भाऊ?"

"आलो, बाई."

"काई समजलं?"

"नाई. विचारत आलो सगळीकडं."

"पुढं बी विचारजा."

"विचारतो."

एवढं झाल्यावर तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि जेवायला वाढलं. गरम भात आणि झिंग्यांची वांगं घातलेली भाजी. जेवताना ती तिच्या लेकीबद्दल बोलली, मूल गावी दिलेल्या. नवऱ्याबद्दल शब्द नाही. डोंग्यातून नदी ओलांडताना काकांनी मला सांगितलं. तिचा नवरा सात-आठ वर्षांपूर्वी गावच्या लोकांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. बाकीचे आले, तो आला नाही. काका पहिल्यांदा या गावात आले तेव्हा बाई म्हणाली होती, एवढं गावोगाव चालून राह्यले म्हणजे तुम्ही कोणाले तरी धुंडून राह्यले. काका नेहमीप्रमाणे हो म्हणाले. मग तिनं सांगितलं, माह्या घरच्याले बी पाहा. डावा अंगठा नाई, पोरपणी जाळ्याच्या दोरीत गेला.

मी हेलावून गेलो. मला वाटलं, सापडलं कारण. हा माणूस एका बाईच्या शब्दाखातर दरवर्षी चालतो. नदीपलीकडं उतरलो तेव्हा काकांच्या पाया पडावं असं मनात येत होतं.

पण नदी ओलांडल्यावर काकांनी विचारणंच बंद केलं. दोन गावं गेली, तीन गेली. पानठेले आले, हापशा आल्या. काका सरळ पुढं. मीच आठवण केली. "अंगठा विचारायचा राहिला, काका." ते म्हणाले, "हं," आणि चालत राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वडसा मागं पडल्यावर, ते मुख्य वाट सोडून एका फाट्यानं आत वळले. झाडीत दहा-बारा घरांची वस्ती होती. तिच्या कडेच्या बांधीत एक माणूस धानाचं पुंजणं रचत होता. पेंढ्या गोल लावत वर वर चढवायच्या, अगदी निगुतीनं. काकांना पाहताच तो खाली उतरला, वाकून पाया पडला आणि मग मला नमस्कार करायला त्यानं हात जोडले. डाव्या हाताला अंगठा नव्हता.

झोपडीतून एक बाई चहा घेऊन आली. तिच्या मागं चार वर्षांची एक पोरगी पदर धरून. चहा पिता पिता काका आणि तो माणूस धानावरच्या तुडतुड्याबद्दल बोलले, रानडुकरांबद्दल बोलले. निघताना तो धुऱ्यापर्यंत आला.

"कशी हाये ते?" त्यानं खाली बघत विचारलं.

"झिंगे वाळवून राह्यली होती."

"बरं."

फाट्यावर आलो आणि माझा तोल गेला. किती वर्षं माहीत आहे तुम्हाला, मी ओरडूनच विचारलं. तीन वर्षं, काका म्हणाले. तीन वर्षं तुम्ही तिच्या घरी जेवून तिच्या तोंडावर खोटं बोलता?

"खोटं नाई बोलत. नदीच्या अलीकडं विचारतो ना सगळीकडं. अलीकडं तो नाई."

"काका!"

ते धुऱ्यावर बसले. "मी त्याले म्हटलं, काऊन नाई गेला बाप्पा घरी? तो म्हणे, मिरचीवरून मागच्या गाडीनं एकटाच येत होतो, ब्रह्मपुरीले उतराचं होतं. गाडी थांबली, दार उघडं होतं, उतरलो नाई. नदी पार होऊन वडसाले उतरलो. काऊन, ते त्यालेच मालूम नाई. भांडण नाई, काई नाई. मंग एक दिवस गेला, मंग दुसरा. मंग जाची लाज वाटाले लागली. तो म्हणते, मेला म्हणून सांगा. आता तुम्हीच सांगा, सर. मेला म्हणू? ते कुंकू पुसन. जित्ता हाये म्हणू? ते जिवाले खाईन. तुम्ही शिकले-सवरले हा. सांगा, काय म्हणू?"

ते मला खरोखर विचारत होते. कुरखेड्याला पोचेपर्यंत मी उत्तर शोधत राहिलो आणि काका वाटेतल्या प्रत्येक तळ्यावर बसत राहिले.

उत्तर मला वर्षभरानं सापडलं, असं मला वाटलं. त्या दिवाळीत काकांचा गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी चालायला बंदी घातली. काका अंगणात खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचे पाय बघत. मी विचार केला, बाईला खरं कळायला हवं. तो तिचा हक्क आहे. एका रविवारी सकाळी कुणाला न सांगता मोटारसायकल काढली आणि दीड तासात तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"भाऊ नाई आले?" तिनं विचारलं.

गुडघ्याचं सांगितलं. मग एका दमात बाकीचंही सांगितलं. तो जिवंत आहे, नदीपलीकडं आहे, बायको आहे, मुलगी आहे. मी तिच्या हातांकडं बघत होतो. ती सुपातले झिंगे निवडत होती आणि हात थांबले नाहीत. अगदी मुलीचं सांगितलं तेव्हाही नाही.

"भाऊले मालूम हाये?" तिनं विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"चार वर्षं होतील."

तेव्हा हात थांबले. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जा तुम्ही." आवाज चढवला नाही. चहा विचारला नाही, आणि त्या गावात असं होत नाही.

परतीच्या वाटेवर मला काही कळेनासं झालं. नवरा नाही हे तिनं केव्हाच सोसलं होतं. मग मी तिचं नेमकं काय काढून घेतलं? घरी येऊन काकांना सांगितलं. लपवणं जमलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवाले म्हणलं का तिनं?" मी नाही म्हटलं. काका उठले, लंगडत आत गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते माझ्याशी नळ आला, वीज गेली, एवढंच बोलले. मी दुसरी खोली पाहायला लागलो होतो. काकूच म्हणाल्या, "राहा जी. ते स्वतःवरच रुसले हायेत."

पुढच्या दिवाळीपर्यंत गुडघा बरा झाला. काका पिशवी भरायला लागले तेव्हा काकूंनी अट घातली, "सरले घेऊन जा. वाटेत पाय मुरगळला तं कोण उचलन?" काका छत्री उचलून चालायला लागले. मी मागं मागं निघालो. या वेळी त्यांनी कुठल्याच गावात अंगठ्याचं विचारलं नाही. तळ्यांवर बसले, पण लवकर उठत होते. नदीकाठचं गाव जवळ येत गेलं तसं त्यांचं बोलणंही आटत गेलं.

ती दारातच होती. काकांनी चप्पल काढली आणि अंगणाबाहेरच उभे राहिले.

"बाई, माह्याकून चुकलं."

ती म्हणाली, "पहिले जेवा."

जेवणं झाली, तिनं भांडी घासली, आत जाऊन लुगडं बदललं. बाहेर आली तेव्हा हातात एक गाठोडं होतं. तिनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या जावेकडं दिली.

"कुठी चालली, बाई?" काकांनी विचारलं. दुसऱ्या माणसाला हा प्रश्न विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"तुम्ही जाता तिथी."

आम्ही तिघं डोंग्यातून पलीकडं गेलो. दीड दिवस ती आमच्याबरोबर चालली. माझी खात्री होती की ती त्याच्याकडं निघाली आहे, आणि तिथं काय होईल याचाच विचार करत मी मागं चालत होतो. ती मात्र साधंच बोलत होती. या तलावात कोणता मासा असेल, इथल्या बाया पेंढी कशी बांधतात. काका तिला उत्तरं देत होते, खरी खरी. एका गावात कोणीतरी विचारलं, ही कोण जी? काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्यांदाच त्यांना कोणाचंही काही होता येईना. तीच म्हणाली, "बहीण हाये."

फाटा आला. आत वळणारी पायवाट झाडीत शिरत होती. काका थांबले.

"हे वाट कुठी जाते?" तिनं विचारलं.

मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. नवस, वाघ, शुगर, काहीही. काका म्हणाले, "तो राह्यते तिथी. अर्ध्या तासाची वाट हाये."

ती उभी राहिली. गाठोडं खाली ठेवलं, बाटलीतलं पाणी प्यायली. पायवाटेच्या टोकाला एका बांधीचा पिवळा कोपरा दिसत होता. ती तिकडं बघत होती की नुसतीच समोर, मला सांगता येत नाही. मग तिनं गाठोडं उचललं.

"दुसरी वाट नाई का?"

"हाये. लांबून जाते. जंगलातून."

"मंग तिकडून जाऊ."

ती पुढं, मग काका, मग मी. कोसभर गेल्यावर एक बोडी लागली, तिथं ती पाळीवर बसली आणि खूप वेळ रडली, मोठ्यानं, आवाज न लपवता. काका तिच्या शेजारी बसून पाण्याकडं बघत राहिले. मला बसावं की नाही ते समजेना, म्हणून मी उभाच राहिलो. ती का आली होती, का वळली, आणि मी केलं ते बरं झालं की वाईट, यातलं काही मला तेव्हा कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

शेवटी तिनं बोडीत तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि काकांना विचारलं, "इकडून अजून किती हाये जी?"

"दोन दिवस तरी."

"मंग बरं हाये," ती म्हणाली आणि उठली.